सुधारत होता, पुन्हा लंगडतोय: गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेल्या वयस्क कुत्र्यासाठी

पहिल्या आठवड्यात पाय हवेत. दुसऱ्या आठवड्यात बोटं टेकायला लागतात. तिसऱ्यात बऱ्यापैकी वजन टाकत चालतो आणि घरातले सगळे निःश्वास सोडतात. मग एका सकाळी कुत्रा उठतो तो पुन्हा पाय उचलूनच. दोन दिवसांत बरा होतो, चौथ्या दिवशी परत तेच. आठ-नऊ वर्षांच्या, जन्मभर पळत आलेल्या कुत्र्यांमध्ये ही तक्रार जवळजवळ ठरलेलीच आहे.

बहुतेक वेळा ऑपरेशन फसलेलं नसतं. कधीकधी मात्र आत खरंच काहीतरी बिघडलेलं असतं, आणि पहिल्या दिवशी दोन्हींमध्ये दिसणारं लंगडणं सारखंच असतं. त्यामुळे आधी फरक ओळखायचा आणि मग उपाय करायचा.

आज लंगडताना दिसला तर

फिरायला नेणं थांबवा. शी-शूपुरतं आखूड पट्ट्यावर बाहेर आणि लगेच आत. मग पाय तपासा, तोही खालून वर. आधी पंजा: बोटांच्या बेचक्यात काटा, फाटलेलं नख, गादीला चीर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की प्रत्येक लंगडणं गुडघ्याच्याच खात्यावर टाकलं जातं आणि काटा आठवडाभर तसाच राहतो.

मग गुडघा. इथे एक गोंधळ हमखास होतो. मागच्या पायाच्या मध्यावर मागे वळलेला टोकदार सांधा दिसतो तो गुडघा नाही, तो घोटा. खरा गुडघा त्याच्या वर, पोटाच्या कडेला, पुढच्या बाजूला असतो. डॉक्टरांना फोनवर ‘गुडघा सुजलाय’ सांगताना आपण नक्की कशाबद्दल बोलतोय हे महत्त्वाचं, कारण ऑपरेशननंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी घोट्याशी येणारी मऊ सूज साधी असते. गुडघ्याभोवतीचं पाणी उतरून खाली साठतं, त्वचा हिरवट-पिवळी होते, आठवडाभरात सगळं ओसरतं. चौथ्या आठवड्यात गुडघ्याला किंवा नडगीच्या आतल्या बाजूला नव्याने आलेली गरम, दुखरी सूज ही वेगळी गोष्ट आहे.

आता तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. लंगडणं एका क्षणात सुरू झालं की दोन-चार दिवसांत वाढत गेलं? पाय अजिबात टेकत नाही, की टेकून कमी वजन टाकतो? झोपून उठल्यावर जास्त आणि चालल्यावर कमी होतं, की उलट? डॉक्टरही हेच विचारणार आहेत, आणि या उत्तरांवरच पुढचं सगळं ठरतं.

हळूहळू वाढलेलं, पाय टेकून, उठल्यावर जास्त असं असेल तर दोन-तीन दिवस घरी थांबून पाहता येतं. एका क्षणात सुरू झालेलं आणि पाय पूर्ण उचललेला असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आत नेमकं काय बरं होतंय

तुटलेलं लिगामेंट शिवून जोडलं, असा समज असतो. तसं होत नाही. कुत्र्यांमध्ये हे लिगामेंट बहुतेक वेळा एका उडीत तुटत नाही. ते महिनोन्‌महिने झिजून विरत गेलेलं असतं, शिवायला त्यात काही उरत नाही. सर्जन त्याचे अवशेष साफ करतात आणि गुडघा दुसऱ्या मार्गाने स्थिर करतात.

कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा वरचा माथा मागे उतरता असतो, साधारण २२ ते २८ अंश. वजन पडलं की मांडीचं हाड या उतारावरून मागे घसरतं आणि नडगी पुढे सरकते. ही घसरण थोपवण्याचं काम ते लिगामेंट करत होतं. १९९३ मध्ये अमेरिकेतले सर्जन बार्कले स्लोकम यांनी प्रसिद्ध केलेली टीपीएलओ पद्धत उतारालाच हात घालते: नडगीचा माथा गोल करवतीने कापायचा, फिरवून उतार सुमारे ५ अंशांवर आणायचा आणि प्लेट-स्क्रूने पक्का करायचा. टीटीएमध्ये नडगीचा पुढचा उंचवटा कापून पुढे सरकवतात. तिसऱ्या पद्धतीत सांध्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा लिगामेंटच्या दिशेने ताणून बांधतात.

घरच्यांच्या दृष्टीने यातला मुद्दा एकच. टीपीएलओ किंवा टीटीए झालं असेल तर कुत्र्याच्या पायात एक मुद्दाम केलेलं फ्रॅक्चर आहे. ते भरायला ८ ते १२ आठवडे लागतात, वयस्क कुत्र्यात बऱ्याचदा १२ च्या बाजूला. गुडघा मात्र पहिल्या दिवसापासून स्थिर असल्यामुळे दुखणं दोन-तीन आठवड्यांतच उतरतं. कुत्र्याला वाटतं आपण बरे झालो, आणि हाड अजून कच्चं असतं. नायलॉनच्या धाग्याचं गणित वेगळं: धागा कायमचा नसतोच. तो ढिला पडायच्या किंवा तुटायच्या आत सांध्याभोवती जाड, चिवट ऊती तयार व्हावी लागते, आणि त्यालाही दोन-तीन महिने जातात. ही कुत्री सुरुवातीला हळू सुधारतात. शेजारच्या टीपीएलओवाल्या कुत्र्याशी तुलना करून घाबरू नये.

तिसऱ्या ते आठव्या आठवड्यातलं अंतर सगळ्यात धोक्याचं आहे ते यामुळेच.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण: जास्त झालं

‘आम्ही तर त्याला फक्त दहा मिनिटं फिरवतो’ हे उत्तर खरं असतं. घोळ उरलेल्या तेवीस तास पन्नास मिनिटांत होतो. दाराची बेल वाजली की दिवाणखान्यातून दारापर्यंत चार उड्या आणि गुळगुळीत फरशीवर एक वळण. सोफ्यावर चढणं. कोणी घरी आलं की मागच्या दोन पायांवर उभं राहणं. कोपऱ्यावर गरकन फिरणं तर फार वाईट, कारण प्लेट उतार सुधारते, पण गुडघ्याला पिळ बसायचा थांबवत नाही.

म्हणून आधी घर बदला, औषध नंतर. बेल काढून ठेवा किंवा तिचा आवाज बंद करा. पाण्याच्या भांड्यापासून झोपण्याच्या जागेपर्यंत आणि तिथून दारापर्यंत सलग रबरी पट्टी किंवा योगा मॅट अंथरा. सुट्या सतरंज्या उपयोगाच्या नाहीत, त्या स्वतःच घसरतात. मॅटच्या दोन तुकड्यांमध्ये अर्ध्या फुटाची फट राहिली तर कुत्रा नेमका तिथेच घसरतो. नखं जमिनीवर टकटक वाजत असतील तर ती लांब झालीत. पंज्याखालचे गाद्यांमध्ये वाढलेले केसही कापा, नाहीतर मॅटवरसुद्धा पकड मिळत नाही.

पिंजरा किंवा कठड्याने अडवलेला कोपरा: त्यात कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, इतकंच. त्यापेक्षा मोठी जागा दिली की तो तिथे येरझाऱ्या घालतो. तुम्ही घरात नसताना आणि रात्री तो तिथेच. तुम्ही समोर बसलेले असताना पट्टा लावून पायाशी झोपला तर चालेल.

पट्टा सव्वा ते दीड मीटरचा, छातीपट्ट्याला लावलेला. आपोआप लांबणारा दोरीचा पट्टा या तीन महिन्यांत घराबाहेर काढूच नये. पाच मीटर सुटलेला कुत्रा मांजर दिसल्यावर कसा थांबतो ते एकदा पाहिलं की कारण वेगळं सांगावं लागत नाही.

जास्त झालं म्हणून लंगडत असेल तर उपाय असा. तीन दिवस फक्त शी-शूसाठी बाहेर. पहिले दोन दिवस दिवसातून तीन वेळा १० ते १५ मिनिटं गुडघ्यावर शेक, पण गार: गोठवलेल्या मटारची पिशवी पातळ फडक्यात गुंडाळून, कारण ती गुडघ्याच्या आकाराला बसते. चौथ्या दिवशी लंगडणं कमी झालेलं असेल तर याआधी ज्या मिनिटांवर तो व्यवस्थित होता त्याच्या निम्म्यापासून परत सुरू करा. दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवा. तीन दिवसांत काहीच फरक नसेल तर हे कारण चुकलं, पुढचं शोधा.

यापुढे एक नियम धरून चाला. कुठलाही नवा व्यायाम, नवा रस्ता किंवा वाढवलेली मिनिटं, यातली एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि २४ तास थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कालपेक्षा जास्त लंगडला तर कालचा बदल मागे घ्यायचा. दोन गोष्टी एकदम वाढवल्या की दोषी कोण ते कळत नाही.

औषध संपलं की परत आलेलं लंगडणं

दुखण्या-सुजेची गोळी बऱ्याचदा १० ते १४ दिवसांची दिलेली असते. ती संपल्यावर दोन दिवसांत लंगडणं परत आलं तर तारखा जुळवून पाहा. वयस्क कुत्र्याच्या या गुडघ्यात आधीपासून संधिवात असतो. ऑपरेशनने तो जात नाही, फक्त वाढण्याचा वेग कमी होतो. अशा कुत्र्याला गोळी जास्त दिवस लागू शकते आणि त्यात अपयश नाही. ती वाढवायची तर त्याआधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्ततपासणी व्हायला हवी. तरुण कुत्र्यात हे कधीकधी टाळलं जातं, नऊ वर्षांच्या कुत्र्यात टाळू नये.

घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होतं. पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन वेगवेगळ्या दाहशामक (दुखण्या-सुजेच्या) गोळ्या एकत्र किंवा स्टेरॉइडसोबत कधीच नाहीत. एकावरून दुसरीवर जाताना मधे काही दिवस, बहुधा ५ ते ७, मोकळे सोडतात. उलटी, खाणं बंद, डांबरासारखी काळी शी यातलं काही दिसलं तर पुढची गोळी न देता फोन करा. गॅबापेंटिन हे दुखण्याचं औषध दिलं असेल तर एक खबरदारी: माणसांसाठीच्या पातळ औषधात झायलिटॉल हा गोडवा असू शकतो आणि तो कुत्र्याला विषारी आहे. बाटलीवरचा मजकूर वाचा.

रात्री धापा टाकणं, जागा बदलत राहणं हे पहिल्या दोन-तीन रात्री भूल आणि वेदनाशामकांमुळेही होतं. चौथ्या-पाचव्या रात्रीनंतरही चालू असेल तर बहुतेक वेळा दुखणं पुरेसं झाकलेलं नसतं. आणि हो, ऑपरेशननंतर तीन-चार दिवस शी न होणं नेहमीचं आहे, त्याची धास्ती घेऊ नये.

उठल्यावर ताठर, पाच मिनिटांनी बरा

हा संधिवाताचा नमुना. सकाळी आखडलेला, चालता चालता मोकळा. अशा कुत्र्याला फिरायला नेण्याआधी १० मिनिटं कोमट शेक द्या. फडकं आपल्या मनगटावर सहन होईल इतपतच गरम असावं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन दिवसांत, किंवा सांधा सुजलेला-गरम असताना हा शेक देत नाहीत. त्या वेळी गारच. शेकानंतर पाय हलवून घ्यायचा.

कुत्रा आडवा, ऑपरेशनचा पाय वर. एक हात मांडीखाली, गुडघ्याच्या जरा वर. दुसरा घोट्याच्या वर. पाय जमिनीला समांतर ठेवून हळूच दुमडायचा, मग हळूच मागे-खाली लांबवायचा. पूर्ण लांबल्यावर पाच ते दहा सेकंद धरायचं. असं १० ते १५ वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पाय बाहेर ओढायचा नाही, पिळायचा नाही. कुत्र्याचं तोंड बघत राहा: ओठ चाटायला लागला, कान मागे गेले, मान वळवून तुमच्या हाताकडे बघितलं, की आजची मर्यादा तिथेच. गुरगुरण्यापर्यंत वाट पाहिली तर उद्या तो तुम्हाला पायाला हातच लावू देणार नाही.

लांबवण्यावर भर देण्याचं कारण आहे. निरोगी गुडघा साधारण १६० अंशांपर्यंत सरळ होतो. दुमडणं थोडं कमी राहिलं तर कुत्रा निभावतो, पण सरळ होण्यात १० अंशांची तूटसुद्धा चालीत कायमची दिसते.

चौथ्या ते आठव्या आठवड्यात हळूहळू वाढणारं

चालणं वाढवलं तसं लंगडणं वाढतंय, सूज फारशी नाही, पण गुडघ्याच्या वाटीच्या खाली नडगीकडे जाणारी जाड दोरी दाबली की कुत्रा पाय ओढून घेतो. टीपीएलओनंतर हे वाटीचं टेंडन बऱ्याचदा जाड होतं, कधी दुखतं. हाड पक्कं असतं, क्ष-किरणात टेंडनचा जाडपणा दिसू शकतो आणि सोनोग्राफीत नीट कळतो. दोन आठवडे चालणं कमी, दाहशामक गोळी, गार शेक, आणि मग जास्त सावकाश चढण. जिना, चढाचा रस्ता आणि बस-ऊठ हे दुखणं उतरेपर्यंत बंद. दुर्दैवाने नेमके हेच व्यायाम या आठवड्यांत उत्साहाने सुरू केले जातात.

अचानक, टक्‌ आवाजासह

गुडघ्यात दोन हाडांमध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात, मेनिस्कस. आतल्या बाजूची चकती ऑपरेशननंतर आठवड्यांनी, महिन्यांनीही फाटू शकते. लक्षण बहुधा असं: छान चालत होता, एका दिवसात बराच लंगडा झाला, पाऊल टाकताना टक्‌ असा आवाज किंवा हाताला झटका जाणवतो. नुसता आवाज असून चाल नीट असेल तर लक्ष ठेवणं पुरे. आवाज आणि लंगडणं दोन्ही असेल तर विश्रांतीने हे सहसा जात नाही. फाटलेल्या भागाला रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तो भरून येत नाही, दुर्बिणीतून किंवा सांधा उघडून तेवढा तुकडा काढावा लागतो. काढला की कुत्रा बहुधा लवकर सावरतो. त्यामुळे महिनाभर गोळ्यांवर ढकलण्यात अर्थ नाही.

गरम, सुजलेलं, ओलं

प्लेट नडगीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या लगेच खाली बसवलेली असते आणि तिथे मांस फार कमी. संसर्ग झाला तर तिथली त्वचा गरम लागते, दाबलं तर दुखतं, कधी बारीक छिद्रातून पू किंवा गुलाबी पाणी झिरपतं. हे पहिल्या दोन आठवड्यांत होतं, तसं वर्षभरानेही होतं. जंतू धातूवर चिकट थर करून बसतात, म्हणून प्रतिजैविक चालू असेपर्यंत बरं वाटतं आणि बंद केलं की दोन आठवड्यांत परत येतं. असं दोनदा झालं असेल तर तिसरा कोर्स घेण्याआधी पू किंवा सांध्यातलं पाणी कल्चरला, म्हणजे जंतू ओळखायच्या तपासणीला, पाठवायला सांगा. नमुना औषधाआधी घ्यावा लागतो, हा क्रम उलटला की अहवाल फोल. हाड भरल्यावर प्लेट-स्क्रू काढून टाकले की बऱ्याच कुत्र्यांचा हा त्रास संपतो.

पहिल्या १० ते १४ दिवसांत, टाके निघेपर्यंत, गळ्यातला कोन (जखम चाटू नये म्हणून घातलेली प्लास्टिकची गळपट्टी) काढायचा नाही. ‘मी समोर बसलोय’ म्हणून काढलेला कोन आणि पाच मिनिटांत चाटून उसवलेली जखम ही जोडी फार जुनी आहे.

ऑपरेशनचा पाय एकदम बरा झाला?

हे सगळ्यात फसवं. काल लंगडत होता, आज अजिबात नाही, घरात आनंद. पण उठायला वेळ लागतोय, बसताना दोन्ही पाय एका बाजूला टाकतोय, उभा असताना मान खाली आणि सगळं वजन पुढे. कुत्रा लंगडतो तेव्हा दुखऱ्या पायावरचं वजन चांगल्या पायावर टाकत असतो. दोन्ही दुखायला लागले की टाकायला जागाच उरत नाही आणि लंगडणं दिसेनासं होतं. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे ४० ते ६० टक्क्यांमध्ये दुसऱ्याही गुडघ्याचं पुढे जातं, बऱ्याचदा एक-दोन वर्षांत. कारण तेच, झीज दोन्हीकडे चालू असते.

याचा छडा डोळ्यांनी लागत नाही, वजनकाट्याने लागतो. माणसांचे दोन सारखे घरगुती काटे घ्या. पुढच्या पायांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या किंवा पुस्तकं. मागचा एकेक पाय एकेका काट्यावर, मान सरळ समोर. खाऊ वर धरू नका, मान वर गेली की वजन मागे सरकतं. पाच वेळा वाचन घेऊन सरासरी काढा. कुत्रा साधारण ६० टक्के वजन पुढे आणि ४० टक्के मागे घेतो. म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याच्या मागच्या प्रत्येक पायावर सुमारे ६ किलो यायला हवं. ऑपरेशनच्या पायावर साडेतीन आणि दुसऱ्यावर साडेसात, तर तो अजून पाय वाचवतोय. दोन्हींवर चार-चार असेल तर वजन पुढे पळालंय, दोन्ही गुडघे आणि कंबर तपासून घ्या. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच जागी. एकेका आकड्यापेक्षा पाच-सहा आठवड्यांची ओळ जास्त सांगते.

चालवायचं कसं

मिनिटांइतकाच वेग महत्त्वाचा. भराभर चालवलं तर कुत्रा दुडकी धरतो आणि तीन पायांवर मजेत निघतो. चौथा पाय वापरायला लावायचा असेल तर इतकं हळू चाला की त्याला प्रत्येक पाऊल सुटं टाकावं लागेल. रस्त्याने बघणाऱ्यांना तुम्ही दोघं आजारी वाटलात तर वेग बरोबर आहे.

पहिले दोन आठवडे ५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा, गुळगुळीत जमिनीवर पोटाखालून टॉवेलची झोळी धरून. नराच्या बाबतीत झोळी लिंगाच्या मागे किंवा पुढे येईल अशी धरा, त्यावर नको. दोन आठवडे पूर्ण होऊनही बोटंसुद्धा टेकत नसतील तर दाखवा. पुढे दर आठवड्याला एका फेरीत जास्तीत जास्त ५ मिनिटं वाढवत आठव्या आठवड्यापर्यंत २० ते ३० मिनिटं. सहा ते आठ आठवड्यांनी क्ष-किरण, आणि पुढचं सगळं त्या फिल्मवर. तुमच्या सर्जनने वेगळा तक्ता दिला असेल तर तोच पाळा, त्यांनी हाड उघडून पाहिलंय.

बस-ऊठ हा व्यायाम चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून, पाच वेळा, दिवसातून दोनदा. ऑपरेशनची बाजू भिंतीला लागून उभा करा, म्हणजे बसताना पाय बाहेर टाकायला जागा राहत नाही. सरळ बसला तरच खाऊ. सहाव्या आठवड्यानंतर जमिनीवर चार-पाच काठ्या त्याच्या खांद्याच्या उंचीइतक्या अंतराने ठेवून त्यावरून सावकाश चालवणं. काठ्या जमिनीपासून उंच करायची घाई नको.

पाण्यातली ट्रेडमिल मिळत असेल तर टाके निघून जखम पूर्ण सुकल्यावर. पाणी कुत्र्याच्या गुडघ्यापर्यंत असेल तर पायांवर सुमारे ८५ टक्के वजन उरतं, खुब्यापर्यंत असेल तर ३८ टक्क्यांच्या आसपास, म्हणून पाण्याची उंची विचारून घ्या. मोकळं पोहणं हा पर्याय नव्हे: त्यात गुडघा दुमडतो खूप आणि सरळ होतो कमी, शिवाय काठावर चढताना घसरतो.

पळणाऱ्या कुत्र्याला बसवून ठेवायचं

पाय थकवता येत नसतील तर नाक थकवा. रोजचं खाणं वाडग्यात देणं बंद. कोरडे दाणे जाड टॉवेलच्या घड्यांमध्ये लपवा, पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदाखाली टाका, ओलं खाणं रबरी खेळण्यात भरून गोठवून द्या. जागेवर बसून १५ मिनिटं हुंगणं-शोधणं झालं की बरीचशी धुसफूस शमते. रस्सीखेच नको, ती मागच्या पायांवरच खेळली जाते. एवढं करूनही पिंजऱ्यात उड्या मारत असेल तर शामक औषध मागायला संकोच करू नका. ट्रॅझोडोनसारखी औषधं यासाठीच देतात आणि चौथ्या आठवड्यात मोडलेल्या स्क्रूपेक्षा ती केव्हाही परवडली.

चालणं घटलं की खाणं घटवायला हवं, हे बहुतेकांना पाच किलो वाढल्यावर आठवतं. कुत्र्याचं वजन किती असावं ते डॉक्टरांकडून घ्या. समजा २६ किलो. साध्या कॅल्क्युलेटरवर २६ ला २६ ने दोनदा गुणा, आलेल्या १७५७६ चं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ: ११.५. त्याला ७० ने गुणा: सुमारे ८०० किलोकॅलरी. जाड कुत्र्याचं वजन उतरवायला दिवसभराच्या खाण्याची सुरुवात या आकड्यापासून करतात, खाऊ त्यातच धरून. आठवड्याला १ ते २ टक्क्यांहून जास्त उतरू देऊ नका. वयस्क कुत्र्याचं प्रथिन मात्र कमी करायचं नाही, नाहीतर चरबीऐवजी मांडी उतरते.

मांडीचा घेर दर दोन आठवड्यांनी मोजा. टेप जांघेच्या रेषेत, दोन्ही पायांना, एकाच माणसाने. एका सेंटीमीटरच्या आतला फरक ही मोजण्याची चूक समजा. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक तिसऱ्या महिन्यातही हलत नसेल तर कुत्रा पाय वाचवतोय, मग चाल कितीही छान दिसो.

थांबू नका, लगेच न्या

- काल वजन टाकत होता, आज पाय पूर्ण वर
- गुडघ्याखाली हाडाचा आकार बदललेला, किंवा पाय वाकडा दिसतोय
- जखम उघडली, पू, दुर्गंधी, ताप, खाणं बंद
- काळी शी किंवा रक्ताची उलटी
- दोन्ही मागचे पाय ओढतोय किंवा लघवी थांबली आहे (हा गुडघा नव्हे, पाठीचा कणा असू शकतो)

जाताना फोनवर दोन चित्रफिती न्या: बाजूने आणि मागून, वीस-वीस पावलं, सपाट जागेवर, सावकाश. दवाखान्यात शिरल्यावर घाबरलेला कुत्रा लंगडणं विसरतो आणि सगळ्यांचा तासभर वाया जातो.

पट्टा सोडायचा केव्हा

क्ष-किरणात हाड भरलेलं, काट्यावर दोन्ही पायांत अर्ध्या-पाऊण किलोपेक्षा जास्त फरक नाही, अर्धा तास चालून दुसऱ्या दिवशी ताठरपणा नाही. हे तिन्ही असेल तर आधी पाच मीटरच्या दोरीवर, सपाट गवतावर, पाच मिनिटं दुडकी. दोन आठवडे हेच. मग एकटा मोकळा. दुसऱ्या कुत्र्यासोबत सगळ्यात शेवटी, कारण तिथे वळणं आणि धक्के तुमच्या हातात नसतात. चेंडू हवेत फेकणं कायमचं बंद करा आणि जमिनीवरून घरंगळत सोडा, म्हणजे उडी आणि गिरकी दोन्ही टळतात. गाडीतून उतरायला फळी लावा. ती खडबडीत आणि लांब हवी, आखूड फळीचा उतार इतका तीव्र होतो की कुत्रा शेवटच्या दोन फुटांत उडीच मारतो.